दोन टर्नटेबले आणि नानांची पेटी

घरात रेकॉर्डी आहेत, पण त्या वाजवायला यंत्र नाही, अशा घराची अवस्था मोठी चमत्कारिक असते. पत्रिका जुळली आहे, देणेघेणे ठरले आहे, पण मुहूर्त काही निघत नाही, अशातला प्रकार. आमच्या टिटवाळ्याच्या घरात तो पुरी बावीस वर्षे चालला होता. जुना चेंजर बंद पडला, त्याचा दुरुस्त करणारा गेला, मग कॅसेटी आल्या, त्याही गेल्या, आणि आता गाणे खिशातल्या फोनमध्ये राहते. माळ्यावरच्या दोन पत्र्याच्या ट्रंका मात्र जिथल्या तिथे राहिल्या. एकीत मी नोकरीच्या उमेदवारीत घेतलेल्या एल.पी. आणि दुसरीत आईने माहेरून आणलेल्या चाळीस जड, काळ्याभोर, अठ्ठ्याहत्तरच्या रेकॉर्डी.

अलीकडे पुन्हा रेकॉर्डींचे वेड आले आहे. तरुण मुले रेकॉर्डी शोधत हिंडतात, नव्या रेकॉर्डीही निघतात, आणि टर्नटेबल हा शब्द पुन्हा कानावर पडू लागला आहे. माझी लेक आणि जावई डोंबिवलीस असतात. यंदाच्या गणपतीत दोघांनी ठरवून टाकले, की बाबांना टर्नटेबल घ्यायचे. नवे नको, जुनेच घ्यायचे. नवी चांगली यंत्रे आहेत. पण त्यांची किंमत ऐकल्यावर आम्ही दुकानातून बाहेर आलो आणि आधी चहा घेतला.

शोध करता करता दोन यंत्रे हाती लागली. दोन्ही साधारण एकाच किमतीची, दोन्ही चालू, आणि दोन्हींच्या मालकांनी आठ दिवस घरी नेऊन ऐकायची मुभा दिलेली. पहिले टेक्निक्सचे एस.एल. १२०० मार्क टू. हे जावयाच्या ओळखीतल्या एका ध्वनिक्षेपकवाल्याकडचे. लग्नाच्या वरातींत आणि हॉटेलांत त्याने पुष्कळ वर्षे हे नाचवले होते. दुसरे स्वित्झर्लंडचे लेंको एल ७५. मुंबईच्या मटन स्ट्रीटवर, म्हणजे आपल्या चोरबाजारात, एका व्यापाऱ्याकडे हे एका मोडलेल्या रेडिओग्रॅमच्या पोटात बसले होते. व्यापाऱ्याने अनामत रक्कम घेतली आणि वर बजावले, “साहेब, उचलताना दोन माणसे लावा.” ते उगीच नव्हते.

यंत्र म्हणून विचाराल तर टेक्निक्सच्या पासंगाला लेंको लागत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. टेक्निक्सचे हे घराणे १९७२ साली निघाले, आणि मार्क टू ही त्याची आवृत्ती सत्तरीच्या अखेरची. त्यात पट्टा नाही, चाक नाही; थाळा थेट मोटरीच्या आसावरच बसलेला. कळ दाबली की पाऊण सेकंदाच्या आत थाळा पुऱ्या वेगात येतो, आणि आत स्फटिकाचे घड्याळ असल्यामुळे तो वेग केसभरही हलत नाही. कडेला ठिपक्यांच्या रांगा आहेत. तांबड्या दिव्याच्या उजेडात त्या स्थिर दिसल्या की वेग बरोबर. तुमच्या विजेचा दाब पडो की चढो, त्याला त्याचे सोयरसुतक नाही. कल्याणच्या पलीकडे राहणाऱ्या माणसाला या गुणाचे मोल निराळे सांगायला नको. हे यंत्र मूळ जपानातल्या घरांसाठीचे, १०० व्होल्टचे. म्हणून सोबत विटेएवढा एक ट्रान्सफॉर्मर. बाकी तक्रारीला जागा नाही.

लेंकोचे तंत्र जुन्या वळणाचे. बर्गडॉर्फ गावच्या लेंग नावाच्या कुटुंबाचा हा कारखाना. लेंको हे नाव त्यावरूनच. एल ७५ बाजारात आले १९६७ साली. थाळा चार किलोंचा, म्हणजे टेक्निक्सच्या दुप्पट. मोटरीचा आस निमुळता, गाजरासारखा आडवा, आणि त्यावर रबरी धारेचे एक चाक उभे टेकलेले. तेच चाक वर थाळ्याला खालून घासून फिरवते. चाक आसाच्या जाड टोकाकडे सरकवले की वेग वाढतो, बारीक टोकाकडे नेले की कमी होतो. १६, ३३, ४५ आणि ७८ या वेगांना खाचा आहेत. पण खाचेत बसलेच पाहिजे असे नाही. बोटाने दांडी सरकवा, तुम्हाला ७१ मिळतील, ७६ मिळतील, ८० मिळतील. सारे काही दांडीवर!

या सोयीची किंमतही आहे. मोटर, चाक आणि थाळा एकमेकांना चिकटलेले, तेव्हा मोटरीची घरघर थाळ्यात उतरतेच. गाण्याच्या दोन जागांमध्ये शांतता असते ना, तिथे कान लावला तर दूरच्या गिरणीसारखा एक बारीक हुंकार ऐकू येतो. शिवाय सुईच्या दांडीचा टेकू ज्या दोन रबरी खाचांवर असतो, ते रबर पन्नास वर्षांत दगड होते किंवा खाऱ्या बिस्किटासारखे भुगा होते. आमच्या लेंकोत भुगा झालेला होता. नवे तुकडे मिळतात, आणि ते बसवायला फार विद्या लागत नाही. जुने लेंको घेणाऱ्याने ही जागा आणि ते रबरी चाक, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. चाक वर्षानुवर्षे थाळ्याला टेकलेल्या अवस्थेत राहिले असेल तर त्याच्या धारेला खळगा पडतो, आणि मग फेरीगणिक एक ठोका ऐकू येतो. टेक्निक्स घेणाऱ्याने वेगाची सरकती कळ मधोमध आणून पाहावी, सुईची दांडी हलक्या हाताने हलवून पाहावी. वरातीत वाजलेल्या यंत्राच्या दांडीत बरेचदा खिळखिळ असते. आमच्यात नव्हती.

पहिले तीन दिवस आम्ही एल.पी. वाजवल्या. सुधीर फडक्यांच्या गीतरामायणाच्या एल.पी. माझ्याकडे आहेत, कुमारांच्या आहेत, मल्लिकार्जुन मन्सूरांच्या आहेत. मुलीने मधे पडदा धरला, यंत्रे बदलली, आणि आम्ही कागदावर गुण मांडले. टेक्निक्स दर वेळी पुढे. रात्री साडेदहाला मालगाडी कसाऱ्याकडे निघते तेव्हा आमच्या कपाटातल्या बरण्या कुजबुजतात, कारण घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर. त्या वेळी लेंकोच्या खालच्या स्प्रिंगा डोलू लागल्या आणि फडक्यांचा आवाज किंचित ओला झाला. टेक्निक्स मात्र मांडी ठोकून बसलेल्या पहिलवानासारखे बसले होते. जावयाने जाहीर केले, “बाबा, यात आता चर्चेला काही राहिलेलंच नाही.” मलाही तसेच वाटत होते.

आई कोपऱ्यातल्या खुर्चीत होती. तिचे वय ८५, काचबिंदूने नजर गेलेली, कान मात्र शाबूत. ती म्हणाली, “माझ्या रेकॉर्डी कधी लावणार?”

इथे गाडे अडले. टेक्निक्सच्या या आवृत्तीला दोनच वेग, ३३ आणि ४५. सरकत्या कळीने आठ टक्के वर नेता येते. म्हणजे ४५ चे फार तर साडेअठ्ठेचाळीस. अठ्ठ्याहत्तरपर्यंत पोचायचा रस्ताच नाही. त्या रेकॉर्डींना सुईही निराळी लागते. एल.पी.ची सुई बारीक, टोकाला सुमारे अठरा मायक्रॉन. अठ्ठ्याहत्तरची खाच रुंद, तिला साठ-सत्तर मायक्रॉनची लागते. बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी जाऊन नुसती गटांगळ्या खाते. सुई बदलता येते, तो प्रश्न नव्हता. प्रश्न वेगाचा होता.

जावई इंजिनियर आहे. त्याच्याकडे तोड होती. “आजी, आपण तुमच्या रेकॉर्डी ४५ च्या वेगानं वाजवू आणि कॉम्प्युटरमध्ये भरू. मग कॉम्प्युटर त्यांचा वेग वाढवेल. जगभर लोक असं करतात.” हे खरेच आहे, करतात. आईने विचारले, “म्हणजे अहो जावईबापू, आधी ते गाणं राक्षसासारखं ऐकायचं, आणि मग माणसासारखं?” सगळे हसले, पण ट्रंका खाली आल्या.

या रेकॉर्डींबद्दल थोडे सांगायला हवे, कारण नव्या पिढीला त्या हातात धरूनही ठाऊक नसतात. त्या प्लॅस्टिकच्या नव्हेत, लाखेच्या. आपल्या बांगड्यांची आणि पत्रावर मोहोर करायची लाख, तीच. आणि ती मुख्यतः आपल्याच छोटा नागपूरकडच्या जंगलांतून जगभर जायची. तिच्यात दगडाची पूड, काजळी आणि कापसाचे तंतू घालून तबकडी दाबायची. पूड मुद्दाम खरखरीत, म्हणजे पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांतच घासून खाचेच्या मापाची होते. म्हणूनच जुन्या ग्रामोफोनला दर बाजूला नवी पिन लागे, आणि त्याचा भोंग्याखालचा भाग रेकॉर्डीवर शंभर ग्रॅमहून अधिक भार टाकी. आजची सुई तीन ते पाच ग्रॅमवर भागवते. या रेकॉर्डी स्पिरिटने पुसायला कधी जाऊ नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, गाणे तुमच्या फडक्यावर येईल. साधे पाणी, मऊ कापड, आणि मधल्या कागदाला ओल लागू न देणे, एवढे पुरे. आमच्या ट्रंकेत २००५ च्या जुलैच्या पुराची ओल शिरली होती. पाकिटांचा लगदा झाला, तबकड्यांवर पांढरी बुरशी धरली. पण धुतल्यावर लाख पुन्हा चकचकीत निघाली.

आपल्याकडे हे प्रकरण सुरू झाले ते १९०२ साली, ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यास उतरला तेव्हा. गौहरजानचे गाणे त्याने तेव्हाच घेतले. आमचे भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारीत गेले. दीड-पावणेदोन वर्षांच्या फरकाने महाराष्ट्राचा तो आवाज कायमचा हुकला; त्याची हळहळ मला आजही वाटते. पुढे १९०८ साली सियालदहला रेकॉर्डी दाबण्याचा कारखाना निघाला, मग डमडमला मोठा. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर, सारे त्या दहा इंची तबकडीवर आले. रंगभूमीवर वन्समोअर घेत अर्धा-अर्धा तास चालणारे पद सव्वातीन मिनिटांत बसवायचे! आणि विलायतेत साठच्या सुमारास अठ्ठ्याहत्तर बंद पडल्या, तरी आपल्याकडे त्या आणखी बरीच वर्षे निघत होत्या. बीटल्सच्या अठ्ठ्याहत्तर रेकॉर्डी भारतात निघाल्या आहेत, आणि परदेशचे शौकीन त्या शोधत फिरतात. असल्या जुन्या तबकड्यांची नोंद ठेवणारी आपल्या मुंबईतली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० सालची. सुरेश चांदवणकरांनी तिच्यासाठी केलेले काम या विषयाच्या वाचकांना परिचयाचे आहेच.

आता आईच्या रेकॉर्डीकडे येतो. तिचे वडील, आमचे नाना, तरुणपणी एका नाटक कंपनीत पेटी वाजवीत. १९२६ च्या सुमारास त्यांच्या कंपनीतल्या एका नटाची चार पदे रेकॉर्ड झाली आणि साथीला नाना होते. मायक्रोफोनचे युग आपल्याकडे तेव्हा नुकते येऊ घातले होते. ही ध्वनिमुद्रणे भोंग्यासमोरची. गायकाने भोंग्यात तोंड घालायचे, पेटी शेजारी उंच टेबलावर, तबला जरा मागे. रेकॉर्डीवर गायकाचे नाव, नाटकाचे नाव, रागाचे नाव, साथीदारांचे नाही. तशी पद्धतच नव्हती. तेव्हा नानांनी वाजवलेले जगात जे काही शिल्लक आहे ते या दोन तबकड्यांच्या चार बाजूंवर, आणि तेही बिननावाचे. आईने ते बावीस वर्षांत ऐकले नव्हते.

चौथ्या दिवशी जाड सुई लावून लेंकोवर ती तबकडी ठेवली. खाच ७८ ची. खरखर झाली, मग पेटीचे स्वर, मग पद. आई ऐकत होती. बाजू संपली तेव्हा ती म्हणाली, “हे नाना नव्हेत.”

आम्ही गप्प. जावयाने हळूच विचारले, “आजी, रेकॉर्ड दुसरी लागली का?”

“रेकॉर्ड तीच आहे. पण हा नट काळी दोनमध्ये गायचा. हे पांढरी तीन आहे. नानांच्या बोटांना एवढी घाई कधी नव्हती.”

मग तिने नानांची पेटी मागितली. तीच पेटी; पॅरिसच्या सुरांची, भात्याला दोनदा चामडे बदललेली. नानांनी ती कंपनी मोडल्यावर घरी आणली आणि आईच्या लग्नात पाठवली. आईने काळी दोन दाबून धरली. रेकॉर्ड पुन्हा लावली. दोन स्वर एकमेकांवर आदळून खोलीभर लाटा उठू लागल्या. मी लेंकोची दांडी खाचेतून काढली आणि अलगद खाली आणू लागलो. लाटा आधी दाट झाल्या, मग लांब लांब होत गेल्या, आणि एका जागी थांबल्या. रेकॉर्डीतली पेटी आणि मांडीसमोरची पेटी एक झाली. नटाचा आवाज बाईसारखा चिरका वाटत होता तो भरदार झाला, तान पळत होती ती चालू लागली. आईचे बोट पट्टीवरून हलले नाही. “हं, हे नाना,” ती म्हणाली. “आता दांडीला हात लावू नकोस.”

यात जादू काही नाही. जुन्या काळी ध्वनिमुद्रणाच्या यंत्राचा वेग ज्या त्या मुक्कामी ज्या त्या माणसाने ठरवलेला असे. कोणी ७२ वर घेतले, कोणी ७६ वर, कोणी ८० वर. अठ्ठ्याहत्तर हा आकडा पक्का झाला तो विजेच्या मोटरी सर्रास आल्यावर. सहा टक्के वेग वाढला की स्वर जवळजवळ एक पट्टी चढतो. चौऱ्याहत्तरची रेकॉर्ड अठ्ठ्याहत्तरने फिरवली तर काळी दोनचा माणूस पांढरी तीनच्या उंबरठ्यावर जाऊन उभा राहतो. आपण जुन्या नटांचे गाणे ऐकून “केवढा उंच आवाज हो!” म्हणतो, त्यातला काही उंचपणा गळ्याचा आणि काही मोटरीचा असतो, ही शंका त्या दिवसापासून माझ्या मनात कायमची बसली आहे.

नेमका वेग किती, हे काढायला जावई पुढे सरसावला. पन्नास आवर्तनांच्या विजेवर चोकची ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. वर्तुळावर सारख्या अंतराने ७७ रेघा काढल्या आणि चकती थाळ्यावर ठेवली, तर ७८ च्या वेगाला त्या रेघा उभ्या राहिलेल्या दिसतात. सहा हजाराला रेघांच्या संख्येने भागायचे की वेग निघतो, गणित एवढेच. त्याने कागदावर निरनिराळ्या चकत्या छापून आणल्या. घरात एल.ई.डी.चे दिवे, ते या कामाचे नाहीत. म्हणून मोरीतली जुनी ट्यूब सोडवून आणली. ८१ रेघांची चकती उभी राहिली. म्हणजे चौऱ्याहत्तर.

जावयाचा मुद्दा त्यानेही मोडला नव्हता, हे खरे. कॉम्प्युटरलाही सांगता आले असते, की चौऱ्याहत्तर कर. पण चौऱ्याहत्तर हे त्याला सांगणार कोण? ते पेटीने सांगितले, आणि रेकॉर्ड फिरत असताना दांडी हातात होती म्हणून सांगता आले. शिवाय आईला रेकॉर्ड लावायची आहे, फाइल उघडायची नाही. या वयात ती नव्याने काही शिकेल, पण का शिकावे?

तेव्हा लेंको राहिले. सौभाग्यवतीचे मत पहिल्यापासून तेच होते, पण ते थाळ्याच्या वजनावरून बनलेले असल्यामुळे मी त्याला धरत नाही. ज्यांच्या घरी केवळ एल.पी. आहेत त्यांना मी अजूनही टेक्निक्सच घ्या म्हणेन, माझ्या एल.पी. त्यावर अधिक चांगल्या वाजत होत्या, आणि ती चुटपुट मला आहे. लेंकोची घरघर कमी करण्यासाठी भिंतीत लोखंडी घोड्या ठोकून त्यांवर कडप्पाची जाड फरशी टाकली. मालगाडीचा त्रास निम्म्याने गेला. अठ्ठ्याहत्तर वाजवताना ॲम्प्लिफायरचे दोन्ही कान एक करायचे, म्हणजे मोनोचे बटण दाबायचे, ही युक्ती मात्र प्रत्येकाने करून पाहावी. स्टिरिओ सुई खाचेच्या वर-खालच्या हालचालीही उचलते. त्या रेकॉर्डीत गाणे फक्त आडव्या हालचालीत असते, वर-खाली नुसती धूळ. बटण दाबले की अर्धी खरखर आपोआप गळते.

१६ च्या खाचेचा उपयोग काय, असे मुलीने विचारले. पृथ्वीवर जवळजवळ काही नाही. पण १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेली सोनेरी तबकडी त्याच वेगाची आहे, मिनिटाला सोळा आणि दोनतृतीयांश फेऱ्या. आणि तीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. दुसरे यान सुटल्यावर अकरा दिवसांनी बाई गेल्या. ती तबकडी कोणाच्या हाती पडलीच, तर लेंकोवर वाजेल. टेक्निक्सवर नाही.

टेक्निक्स परत नेऊन दिले. ते आठवड्याच्या आत ठाण्याच्या एका कॉलेजकुमाराने घेतले. आईच्या चाळीस रेकॉर्डींपैकी तेविसांचा वेग आम्ही पेटीवर लावून पाहिला आहे. बहुतेक ७८ च्या आसपास, पाच ७६, तीन ८०, आणि नानांच्या दोन ७४. नव्या पाकिटांवर मी पेन्सिलीने आकडे घालतो आणि नानांच्या दोहोंवर गायकाच्या नावाखाली पेटीवाल्याचेही नाव घातले आहे. जावयाने त्या आकड्यांची यादी मागून नेली. वेग ठाऊक झाल्यामुळे त्याचे कॉम्प्युटरचे काम आता सरळ झाले म्हणतो. राहिलेल्या सतरांपैकी दोनांना तडा आहे. त्या दिवाळीनंतर.